औषध आधी सापडलं, कारण नंतर

(प्रस्तावना)

ताप, अंगदुखी, दातदुखी, काहीही घेऊन डॉक्टरांकडे जा, चिठ्ठीच्या शेवटी एक गोळी हमखास असते. औषधाच्या दुकानातला माणूस पट्टी कापता कापता सांगतो, "ही सकाळी उपाशीपोटी, गॅसची." ती गोळी बहुधा पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल असते आणि गॅसशी तिचा काडीचाही संबंध नसतो. जठरात आम्ल तयार करणारी यंत्रणाच ती बंद पाडते. घेणारा विचारत नाही, देणाऱ्याला सांगायला वेळ नाही. इतकं जोरकस आणि इतक्या बेफिकिरीने गिळलं जाणारं दुसरं औषध मला तरी चटकन आठवत नाही. ही गोळी मुळात ज्या आजारासाठी शोधली गेली त्या पेप्टिक अल्सरवर मराठीत सलग आणि समजेल असं पुस्तक हवंच होतं. लेखिकेने ते मन लावून लिहिलं आहे आणि चार शब्द मी लिहावेत असा तिचा आग्रह पडला. शब्द चारच राहणार नाहीत, हे तिला ठाऊक असावं.

औषधशास्त्र शिकवणाऱ्यांना अल्सरचा धडा फार आवडतो. एरवी आजाराचं कारण कळतं आणि मग औषधाचा शोध सुरू होतो, निदान पाठ्यपुस्तकात तरी. इथे क्रम उलटा. औषधं येत गेली, प्रत्येक आधीच्याहून सरस, आणि प्रत्येक औषधासोबत अपराधी कोण याविषयीची एक ठाम समजूतही येत गेली. दुधाच्या पथ्यामागे एक समजूत, शस्त्रक्रियेमागे दुसरी, झोपेच्या गोळ्यांमागे तिसरी. औषध जेव्हा खरोखरच उत्तम मिळालं, तेव्हा कारणाची चौकशी जवळजवळ थांबली. रोग्याला आराम पडतोय म्हटल्यावर आणखी खणत बसायचं कुणी? या पुस्तकातलं मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे सूत्र. लेखिकेने ते कुठे ठळक टाईपात छापलेलं नाही, पण प्रत्येक प्रकरणात ते खालून वाहत राहतं.

आधी आजार काय आहे ते पाहू. पेप्टिक अल्सर म्हणजे जठराच्या किंवा आद्यांत्राच्या आतल्या अस्तराला पडलेला खड्डा. आद्यांत्र हा जठराला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला, वीतभर लांबीचा भाग. डॉक्टर त्याला ड्युओडेनम म्हणतात, आणि भारतात अल्सर पूर्वापार तिथेच जास्त आढळत आला आहे. वरवरचं खरचटणं म्हणजे अल्सर नव्हे. अस्तराच्या तळाशी स्नायूचा एक पातळ थर असतो, तो ओलांडून जखम खाली गेली की तिला हे नाव मिळतं. जठर रोज दीड-दोन लिटर रस पाझरतं. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल इतकं तीव्र असतं की हायड्रोजन आयनांचं प्रमाण रक्ताच्या दहा लाख पटींहूनही जास्त भरतं. जोडीला पेप्सिन, प्रथिनं तोडणारं. म्हणजे मटण विरघळवणारा रस मांसाच्याच पिशवीत साठवलेला, आणि पिशवी शाबूत! तेव्हा काही जणांना अल्सर का होतो, यापेक्षा बाकीच्यांना तो का होत नाही, हाच प्रश्न जास्त अवघड आहे. अस्तरावरचा चिकट श्लेष्मा, त्यात झिरपणारं बायकार्बोनेट, भरपूर रक्तपुरवठा आणि दर थोड्या दिवसांनी नव्याने उगवणाऱ्या पेशी, अशी तटबंदी तिथे असते. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रेणूंकडे पुढे यावंच लागेल.

दुखणं तसं जुनंच. आठव्या शतकाच्या आसपासच्या माधवनिदानात परिणामशूल नावाची व्याधी सांगितली आहे. अन्न पचत असताना उठणारी ती कळ. जेवल्यानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री बेंबीच्या वर आग पडते, दोन बिस्किटं खाल्ली की शमते, हे आद्यांत्राच्या अल्सरचं ठरलेलं वर्णन ज्यांनी ऐकलं आहे त्यांना या दोहोंतलं साम्य जाणवेल. दोन्ही एकच, असा दावा लेखिका करत नाही, हे बरं झालं. प्राचीन ग्रंथात आजचा आजार शोधून काढण्याची आपल्याला भारी हौस. दुर्बीण पोटात जाण्यापूर्वीच्या कोणत्याही निदानाला मर्यादा होत्या, मग तो माधवकर असो नाही तर व्हिएन्नाचा प्रोफेसर.

आधुनिक वैद्यकात आम्लावर बोट ठेवलं ते झाग्रेबच्या कार्ल श्वार्त्स या शल्यविशारदाने, १९१० मध्ये. आम्ल नाही तर अल्सर नाही, हे त्याचं सूत्र पुढे जवळपास ७० वर्षं वेदवाक्य होऊन बसलं. शिकागोच्या बर्ट्राम सिप्पीने १९१५ मध्ये त्याला पथ्याची जोड दिली: दर तासाला दूध आणि साय, अधूनमधून अल्कली पावडर. आपल्या घरांत 'पित्त झालंय, थंड दूध घे' म्हणतात, तसाच हा प्रकार; फक्त त्याला रुग्णालयाचं वेळापत्रक चिकटवलेलं. दूध पोटात जाताच आम्ल तात्पुरतं मवाळ होतं हे खरं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम तासाभरात आम्लाचा नवा पाझर सुरू करतात. दुधासोबत अल्कली महिनोन् महिने घेणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बिघडली. पथ्य तरीही कित्येक दशकं चाललं, कारण दर तासाला रोग्याला थोडं बरं वाटत होतं.

मग मनाची पाळी आली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अल्सर हा चिंतातुर, महत्त्वाकांक्षी माणसाचा आजार ठरला. शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडरने त्याला मनोकायिक विकारांच्या मुख्य यादीत बसवलं आणि आपल्याकडचे डॉक्टर 'हरी, वरी, करी' अशी तीन शब्दांची चिठ्ठी तोंडीच देऊ लागले. घाई, काळजी आणि तिखट. यातल्या तिखटावर अन्यायच झाला म्हणायचा. झालेल्या जखमेला कोल्हापुरी रस्सा झोंबतो, यात शंका नाही; रस्स्याने जखम होते याचा पुरावा मात्र मिळालेला नाही. विडी-सिगारेटचं उलट आहे. धुरामुळे अल्सर भरायला वेळ लागतो आणि भरलेला परत उठतो, हे पक्कं आहे, तरी त्या तीन शब्दांत धुराला जागा मिळाली नाही.

शल्यविशारद अर्थातच स्वस्थ नव्हते. आम्ल तयार करणारा जठराचा भागच कापून काढा, किंवा आम्लाचा हुकूम घेऊन येणारी व्हेगस नावाची नस तोडा. लेस्टर ड्रॅगस्टेटने १९४३ मध्ये नस तोडण्याची शस्त्रक्रिया रुळवली आणि पुढची तीसेक वर्षं ती जगभर, आपल्या जिल्हा रुग्णालयांतही, होत राहिली. साठ-सत्तरच्या दशकांतल्या सर्जनांचा बराच काळ पोटाच्या वरच्या भागात गेला. आज शल्यशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलाला ती शस्त्रक्रिया चित्रातच पाहावी लागते. फुटलेल्या अल्सरचं भोक पोटातल्या चरबीच्या झालरीचा तुकडा लावून बुजवणं तेवढं उरलं आहे, आणि ते आजही जीव वाचवतं. वेळ टळली की काय होतं याची उदाहरणं साहित्यातही आहेत: जेम्स जॉइस १९४१ च्या जानेवारीत झुरिकमध्ये फुटलेल्या अल्सरच्या शस्त्रक्रियेनंतर दगावला.

या काळातलं एक औषध मला विशेष प्रिय आहे, कारण ते आपल्या परिचयाच्या ज्येष्ठमधातून आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास एका डच डॉक्टरच्या ध्यानात आलं की ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरातले व्रण भरतात. त्यातल्या घटकापासून ब्रिटनमध्ये कार्बेनॉक्सोलोन तयार झालं. ते आम्लाच्या वाटेला जात नव्हतं, श्लेष्मा बळकट करत होतं, आणि अल्सर खरोखर भरत होते. पण अंगावर सूज, रक्तदाब वर, पोटॅशियम खाली. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

खरी उडी जेम्स ब्लॅकची. हिस्टामिनमुळे जठरात आम्ल सुटतं हे ठाऊक होतं. पण सर्दी-शिंकांवर चालणारी हिस्टामिनविरोधी औषधं आम्लाला जराही आवरत नव्हती. ब्लॅकने यातून सरळ अनुमान काढलं: हिस्टामिनला पेशीला निरोप द्यायला दुसरं एखादं दार असलंच पाहिजे. लंडनच्या उत्तरेला वेलविन गार्डन सिटीत स्मिथ क्लाइन अँड फ्रेंचच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं रेणू घडवणं-मोडणं चाललं. १९७२ मध्ये बुरिमामाइडने दुसरं दार आहे हे सिद्ध केलं, पण ते तोंडाने घेऊन पुरेसं चालेना. मेटियामाइड चाललं, तर काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. रेणूतला गंधकाचा गट बदलून सिमेटिडिन केलं आणि ते १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं. तोवर औषधं बहुधा सापडत. हे औषध आखून घडवलेलं होतं. ब्लॅकला १९८८ चं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या विचारासाठी. १९८१ मध्ये ग्लॅक्सोचं रॅनिटिडिन आलं आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने विक्रीत जगातल्या सगळ्या औषधांना मागे टाकलं. आपल्याकडे झिनेटॅक, रॅनटॅक, अ‍ॅसिलॉक या नावांनी ते घराघरात पोहोचलं. त्याला फटका बसला तो वेगळ्याच कारणाने. गोळ्यांत एनडीएमए हा कर्करोगजनक समजला जाणारा पदार्थ सापडू लागल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये गेलं.

दार अडवण्यापेक्षा पंपच बंद केला तर? स्वीडनमधल्या आस्त्रा कंपनीच्या हेस्ले प्रयोगशाळेचं ओमेप्रॅझोल १९८८ मध्ये आलं ते या विचारातून. आम्ल कोणत्याही निरोपाने सुटो, शेवटची पायरी एकच: पेशीतला प्रोटॉन पंप. ओमेप्रॅझोल पोटात जातं तेव्हा ते स्वतः निष्क्रिय असतं. आतड्यातून रक्तात, रक्तातून आम्लपेशीत, आणि तिथल्या तीव्र आम्लात पोहोचल्यावरच ते जागं होऊन पंपाला कायमचं चिकटतं. पेशी नवा पंप घडवेपर्यंत तो पंप गेला तो गेलाच. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची: जेवणाने पंप जागे होतात तेव्हा औषध रक्तात हजर हवं. जेवल्यावर दुपारी कधीतरी घेतली तर बराचसा परिणाम वाया जातो. 'उपाशीपोटी' या एका शब्दामागे एवढं जीवरसायन आहे आणि लेखिकेने ते पाच पानांत विलक्षण सोपं करून सांगितलंय. मात्र पुढे ओमेप्रॅझोलच्या मिश्रणातला एकच आरशातला जोडीदार वेगळा काढून एसोमेप्रॅझोल म्हणून विकला गेला, त्याबद्दल ती फारच सौम्य बोलते. पेटंट संपत आलं असताना सुचलेल्या संशोधनाकडे मी इतक्या उदार नजरेने पाहिलं नसतं.

आता परिस्थिती पाहा. सिमेटिडिनने किंवा ओमेप्रॅझोलने बहुतेक अल्सर महिना-दोन महिन्यांत भरत होते. औषध थांबवलं की वर्षभरात निम्म्याहून जास्त रुग्णांत परत उठत होते. उपाय काय? औषध थांबवायचंच नाही. छप्पर गळत असताना खाली ठेवलेलं घमेलं इतकं मोठं आणि सुबक निघालं की कौलावर चढून बघायची गरजच कुणाला वाटेना. यात कंपन्यांचा फायदा होता हे उघड आहे, पण निव्वळ कटकारस्थान म्हणून ही गोष्ट सांगणं मला पटत नाही. डॉक्टरांना, रुग्णांना, संशोधकांना, सगळ्यांनाच औषध उपयोगी पडत होतं. आणि इतक्या तीव्र आम्लात जंतू जगूच शकत नाही, हे तर शाळेतल्या मुलालाही 'माहीत' होतं.

जंतू पाहिले कुणी नव्हते असं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुरिनला बिझ्झोझेरोने कुत्र्यांच्या जठरात आणि क्राकोला यावोर्स्कीने माणसाच्या जठररसात मळसूत्री जंतू टिपले होते. पण १९५४ मध्ये अमेरिकेच्या एडी पामरने हजारावर नमुने तपासून जठरात जंतू नसतात असा निर्वाळा दिला आणि विषय मिटला. त्याने वापरलेल्या नेहमीच्या रंगात हे जंतू सहज उठून दिसत नाहीत, ही बाब कुणी मनावर घेतली नाही. तिकडे ग्रीसमध्ये मिसोलोंगी गावचा जॉन लिकूदिस हा साधा डॉक्टर १९५८ पासून प्रतिजैविकांनी अल्सर बरे करत होता. त्याचे लेख कुणी छापले नाहीत. वैद्यक मंडळाने त्याला दंड मात्र केला.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये, रॉबिन वॉरन हा विकृतिशास्त्रज्ञ जठराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासत असे. ११ जून १९७९ रोजी, त्याच्या ४२व्या वाढदिवशी, एका नमुन्यात त्याला वाकड्या जंतूंची रांग दिसली. चांदीच्या क्षाराचा रंग दिल्यावर ती लख्ख झाली. त्याने नंतर अनेक नमुने पाहिले: जिथे जंतू तिथे सूज. सहकाऱ्यांना यात फारसं काही दिसलं नाही. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तिशीचा तरुण शिकाऊ डॉक्टर संशोधनासाठी विषय शोधत त्याच्याकडे आला. दोघांनी १९८२ मध्ये १०० रुग्ण तपासले. जंतू बशीत वाढवायचे प्रयत्न मात्र फसत राहिले, कारण प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा टाकून देत. ईस्टरच्या सुट्टीत बशा पाच-सहा दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. तो सावकाश वाढणारा होता, एवढंच! आद्यांत्राचा अल्सर असलेल्या सगळ्या रुग्णांत तो सापडला.

मार्शलने स्वतः जंतूंचं पाणी प्यायल्याची गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचं कीर्तन झालंय. १९८४ साली त्याने आधी दुर्बिणीने आपलं जठर निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि मग तो पेला प्यायला. थोड्या दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास; दहाव्या दिवशी दुर्बिणीने घेतलेल्या नमुन्यात सूज आणि जंतू. कीर्तनात एक गोष्ट हटकून गळते: मार्शलला अल्सर झाला नाही, जठराचा दाह झाला. जंतू निरोगी जठरात घर करून दाह घडवतो, एवढंच त्या पेल्याने सिद्ध झालं. अल्सरचा पुरावा नंतर, कंटाळवाण्या पण भक्कम पद्धतीने मिळाला. १९८८ मध्ये त्याच चमूने प्रसिद्ध केलेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत ज्यांच्या पोटात जंतू टिकून राहिला त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांचा अल्सर वर्षभरात परतला. ज्यांचा जंतू गेला त्यांच्यात २१ टक्क्यांचा. माझ्या दृष्टीने नोबेलचं वजन या आकड्यांत आहे, पेल्यात नाही. दोघांना ते मिळायला २००५ साल उजाडलं. त्याआधीच, १९९४ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेने जंतू असलेल्या प्रत्येक अल्सरच्या रुग्णाला प्रतिजैविकं द्यावीत असं सांगितलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला पहिल्या वर्गाचा कर्करोगजनक ठरवलं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्याचं आजचं नाव १९८९ पासूनचं.

आम्लात तो जगतो कसा? त्याच्याजवळ युरिएज हे विकर भरपूर असतं. जठरातल्या युरियाचा तो अमोनिया करतो आणि त्या अमोनियाच्या आडोशाने श्लेष्मात शिरून आम्लाच्या आवाक्याबाहेर जातो. श्वासाची तपासणी याच खोडीवर बेतलेली आहे. रुग्णाला खास खूण केलेला युरिया प्यायला देतात; श्वासात त्या खुणेचा कार्बन डायऑक्साइड आला की जंतू आहे. आणि हेही ध्यानात घ्या, श्वार्त्सचं सूत्र यामुळे खोटं ठरलं नाही. जंतूने जठराच्या खालच्या टोकाला तळ ठोकला की आम्लाला आवर घालणारा सोमॅटोस्टॅटिनचा लगाम ढिला पडतो, गॅस्ट्रिन वाढतं आणि आम्ल जास्त सुटतं. भोगतं ते आद्यांत्र. जंतू जठरभर पसरला तर आम्लपेशीच झिजतात, आम्ल घटतं आणि धोका कर्करोगाकडे झुकतो. एकाच जंतूची दोन टोकांची फळं.

आपल्या देशाचं कोडं इथून सुरू होतं, आणि या पुस्तकातलं सर्वांत वाचनीय प्रकरणही. भारतात बहुतेकांना हा जंतू बालपणीच, घरातल्या घरात लागतो. तो आपला फार जुना सोबती आहे. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओट्झी नावाच्या माणसाच्या जठरातही तो निघाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याचं जवळचं नातं आजच्या युरोपीय जंतूंपेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या जंतूंशी जुळलं. पण जंतू असलेल्या दहांपैकी जेमतेम एखाद-दुसऱ्यालाच आयुष्यात कधीतरी अल्सर होतो, आणि जंतूचा प्रसार इतका असूनही जठराचा कर्करोग भारतात जपानच्या मानाने कमीच. जंतू हे कारण असेल, पण ते पुरेसं नाही.

जंतू सापडण्यापूर्वीच देशातल्या अल्सरच्या प्रादेशिक विषमतेकडे दोघांचं लक्ष गेलं होतं. पश्चिम रेल्वेत मुंबईला असलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी साठच्या दशकात रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी धुंडाळल्या. नोकरी तीच, पगार तोच, सवलती त्याच. तरी दक्षिणेत आणि पूर्वेत भात खाणाऱ्यांत अल्सर जास्त, पंजाबकडे रोटी खाणाऱ्यांत कमी. त्यांचं म्हणणं, चपाती चावावी लागते, लाळ सुटते. भात गिळला जातो. मैसूरला बरीच वर्षं काम केलेल्या फ्रँक टोवी या इंग्रज सर्जनने हाच नकाशा पुढे नेला आणि कोंड्यासकट ताज्या धान्यातल्या स्निग्ध घटकांत संरक्षण असावं असं मांडलं. जंतूच्या शोधानंतर ही सगळी निरीक्षणं अडगळीत गेली. मला वाटतं ती घाईने टाकली गेली. जंतू दोन्हीकडे सारखाच असताना अल्सर एकीकडे जास्त का, या प्रश्नाला जंतू हे उत्तर होऊ शकत नाही. कोकणातल्या भातखाऊ वाचकाने मात्र लगेच घाबरून बाजरीवर जाऊ नये.

उपचाराचं आजचं स्वरूप असं: आम्ल थोपवणारी गोळी आणि सोबत दोन प्रतिजैविकं, बहुधा अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, १४ दिवस. इथे आम्लाची गोळी फक्त जळजळीसाठी नसते. आम्ल उतरलं की जंतू वाढीला लागतो आणि वाढणाऱ्या जंतूलाच ही प्रतिजैविकं नीट मारतात. अडचण प्रतिरोधाची आहे. जुलाबावर मेट्रोनिडॅझोल आपण इतकी वर्षं इतक्या सढळ हाताने वापरलं की भारतातले कित्येक हेलिकोबॅक्टर त्याला भीक घालत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिनचीही तीच वाट. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दाद न देणाऱ्या हेलिकोबॅक्टरला नव्या औषधांच्या शोधासाठी अग्रक्रमाच्या यादीत घातलं. म्हणून बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि आम्लाची गोळी असा चौघांचा जुना संच पुन्हा पुढे आला आहे. बिस्मथने शी काळी होते, हे डॉक्टर सांगायला विसरले तर रुग्ण हबकतो. पण बिस्मथ किंवा लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी झाली तर तो पोटातला रक्तस्राव समजायचा आणि रात्रीचे किती वाजलेत ते न पाहता रुग्णालय गाठायचं. जंतू गेला की नाही, हे औषधांनंतर किमान चार आठवड्यांनी, आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून तपासावं लागतं. ही तपासणी आपल्याकडे क्वचितच होते. पोट शांत झालं की रुग्ण फिरकत नाही.

दुसरं मोठं कारण आपण स्वतः दुकानातून विकत आणतो. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक. ही औषधं वेदना कशी थांबवतात ते जॉन व्हेनने १९७१ मध्ये दाखवलं: ती प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. सुजलेल्या गुडघ्यातलं प्रोस्टाग्लँडिन थांबलं की आराम. पण जठराची तटबंदी सांभाळणारंही तेच, आणि गोळीला दोन्हींतला फरक कळत नाही. हा फरक कळणारी औषधं घडवायचे प्रयत्न झाले. त्यांतलं रोफेकॉक्सिब जठराला सोसलं, हृदयाला सोसलं नाही, आणि २००४ मध्ये ते जगभरातून मागे घ्यावं लागलं. 'गोळीने पोट बिघडतं म्हणून मी इंजेक्शन घेते' असं म्हणणाऱ्या मावश्यांना लेखिकेने दिलेलं उत्तर मला फार आवडलं: औषध रक्तातूनच जठराचं संरक्षण काढून घेतं, मग ते सुईने जाऊ दे की तोंडाने. वय साठ-पासष्टच्या पुढे, आधीचा अल्सर, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारं औषध, यांतलं काहीही असेल तर वेदनाशामकासोबत आम्लाची गोळी हवीच. तिथे ती खरोखर जीव वाचवते. पंचविशीतल्या तरुणाला दोन दिवसांच्या तापासाठी पॅरासिटॅमॉलसोबत तीच गोळी लिहिणं, याला मी सवय म्हणेन, उपचार नाही.

एका मुद्द्यावर लेखिकेचं आणि माझं पटलेलं नाही, आणि ते मी तिला सांगितलंही आहे. मानसिक ताणाला तिने एका परिच्छेदात हद्दपार केलं आहे. जंतू सापडल्यावर मनावरचा ठपका पुसला गेला हे चांगलंच झालं. किती रुग्णांना उगाच 'तुम्ही फार विचार करता' असं ऐकावं लागलं असेल. पण १९४० च्या बॉम्बवर्षावात लंडनमध्ये फुटलेल्या अल्सरचे रुग्ण वाढले होते. १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर जपानी डॉक्टरांनी रक्तस्राव होणाऱ्या अल्सरची वाढ नोंदवली, तीही जंतू आणि वेदनाशामकं दोन्ही माहीत असण्याच्या काळात. भाजलेल्या, अतिदक्षता विभागात पडलेल्या रुग्णांना अल्सर होतात हे तर रोजचं आहे. ताण एकटा जखम करत नसेल, पण जिथे जंतू आधीच बसला आहे तिथे तो काही करत नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय आता एक नवा गट वाढतो आहे. जंतू नाही, वेदनाशामक घेतल्याचा पत्ता नाही, गॅस्ट्रिन स्रवणारी दुर्मीळ गाठही नाही, तरी अल्सर आहे. स्वच्छता सुधारून जंतू मागे हटत चाललेल्या देशांत अशा रुग्णांचं प्रमाण चढतं आहे. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्यांच्यात पुन्हा रक्तस्राव होण्याचं आणि मृत्यूचंही प्रमाण जास्त निघालं. त्यांच्यासाठी आजही आम्लाच्या गोळीपलीकडे फारसं काही हाती नाही. लेखिकेने या रुग्णांना शेवटची चार पानं दिली आहेत. दुसऱ्या आवृत्तीत ती वाढवावी लागतील, आणि त्या आवृत्तीत ताणाच्या परिच्छेदावर आमचं भांडण पुन्हा होईल.